मांजराचं पिल्लू वेट फूड हुंगून निघून जातं? आधी काय बदलायचं

वेट फूडचं, म्हणजे ओल्या तयार अन्नाचं, पाऊच फोडण्याचा आवाज आला की पिल्लू धावत येतं. वाटीत नाक घालतं, एकदा हुंगतं आणि वाटीभोवतीची फरशी पंजाने अशी खरवडायला लागतं की जणू समोरची वस्तू पुरूनच टाकायची आहे. मग वळून ड्राय फूडच्या, म्हणजे कोरड्या दाण्यांच्या, वाटीकडे जातं. हे दोन-तीनदा झालं की आपण हमखास एकच चूक करतो. दुसऱ्या दिवशी दुसरी चव, तिसऱ्या दिवशी तिसरा ब्रँड, सोबत नवी वाटी आणि वरून काहीतरी चविष्ट शिंपडलेलं. सगळं एकदम बदलल्यामुळे पिल्लाने खाल्लं तरी कशामुळे खाल्लं ते कळत नाही, आणि नाही खाल्लं तर पुढे काय करायचं तेही कळत नाही.

मीही हेच केलं होतं. माझ्याकडे एकाच वेताची दोन पिल्लं आली, एक भाटी आणि एक बोका. दोघंही दूध सुटल्यापासून फक्त दाण्यांवर वाढलेली. भाटीचा प्रश्न अन्न कोमट केल्यावर दोन दिवसांत सुटला. बोक्याला तीन आठवडे लागले, आणि त्याची अडचण चवीची नव्हतीच, पोताची होती. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की बहुतेक ‘नखरेल’ पिल्लांना समोरचा लगदा हे अन्न आहे हेच ओळखता येत नाही. मांजराची खाण्याची आवड आईसोबत आणि दूध सुटण्याच्या दिवसांत घडते. साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्यात तोंडात जे आलं ते अन्न, बाकीचं संशयास्पद. म्हणून खाली दिलेले उपाय तुलना करून, एका वेळी एकच निवडा.

त्याआधी एक गोष्ट तपासा

पिल्लू फक्त वेट फूड नाकारतंय की सगळंच? दाणे आवडीने खाऊन वेट फूड सोडत असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. दोन्ही सोडत असेल, नाक वाहत असेल, शिंका येत असतील, लाळ गळत असेल किंवा वाटीपाशी जाऊन तोंड मागे घेत असेल, तर व्हेटकडे न्या. सर्दीने नाक चोंदलं की मांजराला अन्नाचा वास येत नाही, आणि वास आला नाही की ते खात नाही. काही विषाणूंमुळे जिभेवर व्रणही होतात. साडेतीन ते सहा महिन्यांच्या काळात दुधाचे दात पडून पक्के येतात, तेव्हाही काही पिल्लं काही दिवस खायला कुरकुर करतात.

कोमट करणं की वरून काही टाकणं?

सुरुवात करताना लोक या दोनांपैकी एक निवडतात. मी नेहमी आधी कोमट करते.

फ्रिजमधून काढलेलं वेट फूड सुमारे ४ अंशांवर असतं. मांजराची नैसर्गिक शिकार, ताजा उंदीर, ३७-३८ अंशांच्या आसपास. थंड अन्नाचा वास हवेत फारसा पसरत नाही, कोमट अन्नाचा पसरतो. पाऊच न फोडता गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं ठेवा, किंवा वाटीतल्या अन्नात चमचाभर गरम पाणी ढवळा. मायक्रोवेव्ह वापरायचाच तर अन्न टिनमधून दुसऱ्या भांड्यात काढा, काही सेकंदच ठेवा, नीट ढवळा आणि बोट घालून पाहा, कारण मध्येच एखादा भाग चटका बसेल इतका तापलेला राहतो. बोटाला जेमतेम ऊब जाणवली की पुरे.

या उपायाची खरी किंमत म्हणजे तो प्रश्न कुठे आहे ते सांगतो. कोमट केल्यावर पिल्लू खायला लागलं तर अडचण वासाची होती. जास्त उत्साहाने हुंगलं, एकदा चाटलं, डोकं झटकलं आणि निघून गेलं, तर वास पटला पण पोत पटला नाही. हा फरक डोळ्यांत तेल घालून पाहा, पुढचा सगळा निर्णय त्यावर आहे.

वरून काही टाकणं जास्त झटपट चालतं, पण त्याला दोन दोष आहेत. पिल्लू वरचा थर चाटून खालचं तसंच सोडतं, आणि चार दिवसांनी तो थर नसेल तर वाटीकडे बघतही नाही. शिवाय चाटण्याचे खाऊ, सुकवलेल्या मांसाची पूड वगैरे बहुतेक वेळा पूरक असतात, पूर्ण आहार नसतात. दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी दहावा हिस्सा ही त्यांची वरची मर्यादा समजा.

टाकायचंच असेल तर मला सगळ्यात भरवशाची वाटते ती पिल्लाच्या रोजच्या दाण्यांची पूड. दाणे बत्त्याने कुटा आणि चिमूटभर वेट फूडवर भुरभुरा. वास ओळखीचा, पोषण संतुलित, आणि हळूहळू कमी करणं सोपं. पहिल्या दिवशी वर भुरभुरा, दुसऱ्या दिवसापासून थोडी आत कालवत जा, म्हणजे नुसतं वरचं चाटून पळता येणार नाही. मीठ न घालता उकडलेल्या चिकनचं पाणीही चालतं, मात्र त्यात कांदा-लसूण अजिबात नको. ताजा असो, शिजवलेला असो की पूड, कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. माणसांच्या तयार सूपमध्ये आणि बाळांच्या काही तयार अन्नात कांद्याची पूड असते, म्हणून लेबल वाचा. गाईचं दूध घालू नका, बऱ्याच पिल्लांना त्याने जुलाब होतात. गोड काही घालून उपयोग नाही. मांजराला गोड चव कळतच नाही, कारण ती ओळखणाऱ्या ग्राहीचं जनुक त्यांच्यात निकामी झालेलं आहे. २००५ साली शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं.

पोत: इथे जास्त वेळ घालवा

चवीच्या मागे लोक महिने घालवतात. एकाच ब्रँडच्या ‘चिकन’ आणि ‘टूना’मध्ये पिल्लाला जितका फरक वाटतो, त्याहून किती तरी मोठा फरक त्याच चिकनच्या मूस आणि ग्रेव्हीमध्ये वाटतो. म्हणून चव तीच ठेवा आणि पोत बदलून पाहा.

मूस, म्हणजे फेटल्यासारखा हलका लगदा, सगळ्यात मऊ. नुकतंच दूध सुटलेल्या, सहा-आठ आठवड्यांच्या पिल्लासाठी मी यापासूनच सुरुवात करेन. चाटता येतो, चावावा लागत नाही. दाण्यांवर वाढलेल्या तीन महिन्यांच्या पिल्लाला मात्र हाच चिकटपणा नकोसा होऊ शकतो.

पॅटे, म्हणजे बारीक वाटलेल्या मांसाचा गोळा, घट्ट असतो आणि त्याचं वाटेल ते करता येतं. पाणी घालून पातळ करा, काट्याने मोकळा करा, नाहीतर तसाच द्या. सोबत ग्रेव्ही नसल्यामुळे पिल्लाने खाल्लेला प्रत्येक घास खरंच अन्नाचा असतो. माझा बोका शेवटी पॅटेवरच आला, पण वाटीतून नाही. मी त्याच्या दाण्याएवढ्या बारीक गोळ्या केल्या, दाण्यांच्या पुडीत घोळवल्या आणि त्याच्या नेहमीच्या दाण्यांत दोन-तीन टाकल्या. पहिल्या दिवशी त्याने त्या बाजूला काढल्या, तिसऱ्या दिवशी एक खाल्ली. दाण्यांची सवय असलेल्या पिल्लासाठी माझ्या मते याहून चांगला पूल नाही: आकार ओळखीचा, वास ओळखीचा, फक्त आतला मऊपणा नवा.

ग्रेव्हीवर पिल्लं पटकन फिदा होतात, आणि तिथेच माणूस फसतो. पिल्लू ग्रेव्ही चाटून संपवतं, तुकडे तसेच राहतात आणि आपल्याला वाटतं की त्याने अर्धी वाटी खाल्ली. खरं तर पोटात गेलं ते बहुतेक चवदार पाणी. तुकडे काट्याने ग्रेव्हीत दाबून कुस्करा, इतके की चाटल्यावर दोन्ही एकत्रच तोंडात येतील. कोमट केल्यानंतर भाटीसाठी मला एवढंच करावं लागलं.

जेली थंड असताना वास धरून ठेवते, म्हणून ती कोमट केल्याशिवाय नाकारली गेली तर तो जेलीचा दोष धरू नका.

मांसाचे उभे तंतू पारदर्शक रश्शात घातलेले प्रकार आपल्याला बघायला फार छान वाटतात, पिल्लांनाही आवडतात. पण त्यांतले बरेचसे ‘पूरक आहार’ असतात. लेबलवर ‘संपूर्ण आहार’ आणि ‘पिल्लांसाठी’ किंवा ‘वाढीच्या काळासाठी’ असं लिहिलेलं हवं. मांजर टॉरीन हा गरजेचा पोषक घटक पुरेशा प्रमाणात स्वतः तयार करू शकत नाही, आणि ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्हींवर परिणाम होतो. नखरेल पिल्लू शेवटी काहीतरी खातंय या आनंदात आपण नेमकं पूरक अन्नच रोजचं जेवण करून बसतो.

हळूहळू मिसळणं की वेळ बांधून देणं?

मिसळण्यात धोका कमी. रोजच्या दाण्यांशेजारी अर्धा चमचा वेट फूड, मग दाण्यांत थोडं मिसळलेलं, मग निम्मं. दोन आठवडे धरून चाला, घाबरट पिल्लाला त्याहून जास्त. तोटा असा की दाणे ओले झाले की त्यांचा कुरकुरीतपणा जातो, आणि काही पिल्लं मग दोन्हीवर रुसतात. तसं झालं तर मिसळू नका, दोन वाट्या शेजारी ठेवा. ओलं अन्न तास-दोन तासांत उचला, उकाडा असेल तर त्याआधीच.

दिवसभर दाण्यांची वाटी भरलेली असेल तर वेट फूडला संधीच मिळत नाही, आणि इथे वेळ बांधण्याचा उपयोग होतो. दिवसात चार वेळा जेवण ठेवा. आधी वेट फूड, वीस मिनिटं. नाही खाल्लं तर कुठलीही विनवणी न करता उचला आणि मग दाण्यांचा वाटा द्या. दोन जेवणांत तीन-चार तासांचं अंतर पडलं की पिल्लाला खरी भूक लागते. चार महिन्यांपुढच्या, दाण्यांवर निवांत चरणाऱ्या पिल्लाबाबत माझा अनुभव असा की मिसळण्यापेक्षा हे लवकर चालतं.

पण ‘भूक लागली की मुकाट्याने खाईल’ हा सल्ला पाळू नका. लहान पिल्लाकडे साठा नसतो, त्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते. दोन महिन्यांखालचं पिल्लू १२ तास उपाशी राहिलं, किंवा त्याहून मोठं २४ तास, तर व्हेटला फोन करण्याची वेळ झाली. मोठ्या मांजरांतही काही दिवसांच्या उपासाने यकृतात चरबी साचून जीवघेणा आजार होतो.

इथे थोडा हिशेब उपयोगी पडतो. ड्राय फूडच्या एका ग्रॅममध्ये साधारण ४ किलोकॅलरी असतात, वेट फूडमध्ये १ च्या आसपास. अडीच महिन्यांच्या, एक किलोच्या पिल्लाला दिवसाला २०० किलोकॅलरींच्या वर लागतात, म्हणजे ५०-५५ ग्रॅम दाणे किंवा २०० ग्रॅमहून जास्त वेट फूड. ८५ ग्रॅमचं अर्धं पाऊच संपलं म्हणून दाणे बंद केले तर ते पिल्लू अर्धपोटी राहील.

तुमच्या पिल्लासाठी कुठला?

नुकतंच दूध सुटलेलं असेल तर कोमट मूस, गरज पडल्यास बोटावर घेऊन ओठाला लावायचा. तोंडात कोंबायचा नाही. जबरदस्तीने तोंडात घातलेलं अन्न पिल्लू कायमचं शत्रू मानतं, आणि औषध लपवलेल्या अन्नाचंही तेच होतं. नव्या वेट फूडमध्ये औषध कधीच घालू नका.

दाण्यांवर वाढलेलं, अडीच ते चार महिन्यांचं असेल तर पॅटेच्या गोळ्या आणि दाण्यांची पूड, शेजारी वेगळ्या वाटीत. चार महिन्यांपुढचं, धष्टपुष्ट आणि खेळकर असेल तर वेळ बांधा. ग्रेव्ही चाटून तुकडे सोडणारं असेल तर नवीन काही आणूच नका, काटा वापरा.

वाटी पसरट आणि उथळ घ्या, लिटर ट्रेपासून (शी-शूच्या ट्रेपासून) लांब ठेवा. घरात दोन पिल्लं असतील तर एकाला खाताना दुसऱ्याने पाहू द्या. आमच्या बोक्याने पहिला खरा घास बहिणीच्या वाटीतून चोरून खाल्ला.

इतका खटाटोप कशासाठी, हेही स्वतःला विचारा. वेट फूडमध्ये ७५ ते ८० टक्के पाणी असतं, दाण्यांत फार तर १०. मांजराला तहान मुळात कमी लागते, त्यामुळे वाटीतून गेलेलं पाणी मूत्रमार्गासाठी मोलाचं, विशेषतः बोक्यांना. शिवाय लहानपणी मऊ अन्न ओळखीचं झालं तर पुढे आजारपणात ते खाऊ घालता येतं. पण संपूर्ण आहाराचे, पिल्लांसाठीचे दाणे खाऊन जे पिल्लू नीट वाढतंय ते काही उपाशी नाही. दिवसातून एक जेवण ओलं आणि बाकी कोरडं एवढ्यावर गाडी थांबली तरी मी ते यशच मानते.

बदल चालू असेपर्यंत रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पिल्लाचं वजन करा आणि लिहून ठेवा. आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वाढ दिसली पाहिजे. दोन दिवस आकडा जागचा हलला नाही तर एक पाऊल मागे या. उतरला तर प्रयोग त्याच दिवशी थांबवा, ओळखीचे दाणे पुढ्यात ठेवा आणि व्हेटशी बोला.