हरिहरेश्वरची खडक-फेरी: मीठ छान उलगडते, दहिवर अपुरे राहते

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर ओहोटीच्या वेळी एक स्थानिक गट खडकांची ओळख करून देणारी फेरी काढतो. श्रीवर्धन-दिवेआगरकडे सहकुटुंब येणाऱ्यांना मी ती आवर्जून सुचवेन. भरतीची वेळ पाहूनच मंडळींना खाली नेले जाते आणि पाणी चढू लागण्यापूर्वी वर आणले जाते. निसरड्या कातळावर ही शिस्त फार महत्त्वाची आहे.

फेरीचा मोलाचा भाग म्हणजे मिठाचे काम. लाटांचे तुषार खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत मुरतात, उन्हाने पाणी उडून जाते आणि मागे उरलेल्या मिठाचे स्फटिक वाढताना खडकाचे कण सुटे करतात. त्यातूनच कड्याला मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी पडते. मार्गदर्शक हे घाईने सांगत नाहीत, सुटलेली भुकटी बोटाने चाचपू देतात, आणि जाळीला धक्का मात्र लावू देत नाहीत, हे मला विशेष आवडले.

तिथेच ते थंड प्रदेशांतील दहिवराशी, म्हणजे भेगांत पाणी गोठून खडक फुटण्याच्या क्रियेशी, तुलना करतात. कोकणच्या किनाऱ्यावर पाणी कधी गोठत नसल्यामुळे आपल्या मुलांना दहिवर भेटते ते केवळ भूगोलाच्या पुस्तकात, म्हणून ही तुलना अगदी योग्य जागी येते; पण सोबतच्या माहितीपत्रकात पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि भेग फाटते, एवढेच लिहिले आहे. भेग उघडी असेल तर हा फुगवटा तोंडाकडे सरकून मोकळा होऊ शकतो. खडक फोडण्याइतका दाब येण्यासाठी ती पाण्याने जवळजवळ भरलेली आणि बंद असावी लागते. त्याहून चिवट क्रिया वेगळीच आहे. शून्याखालीही बर्फ आणि खडक यांच्यामध्ये न गोठलेल्या पाण्याचा अतिशय पातळ थर टिकून राहतो, आणि भेगेत वाढणारा बर्फ त्या थरातून आसपासचे पाणी स्वतःकडे ओढत राहतो. अनेक खडकांत साधारण उणे ३ ते उणे ८ अंश सेल्सिअस तापमान, पुरेसा ओलावा आणि टिकून राहणारी थंडी मिळाली की भेगा हळूहळू रुंदावतात. मूळ कातळ आपल्या सांध्यांवर, म्हणजे नैसर्गिक चिरांवर, सुटतो, आणि उतार मंद असेल तर सुटलेल्या शिळा जागच्या जागी पसरून राहतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातल्या हिकरी रन येथील शिळांचे विस्तीर्ण मैदान हिमयुगीन हिमचादरीच्या सीमेलगतच्या अशाच कडक थंडीत घडले.

हे सांगितले असते तर मीठ आणि बर्फ यांचे खरे साम्यही पर्यटकांना दिसले असते: दोन्हीकडे वाढता स्फटिक सभोवतालच्या द्रवावर पोसला जातो आणि खडकाला आतून रेटतो. इथे कण सुटतात, तिथे शिळा. पत्रकाच्या पुढील छपाईत भेगेतल्या बर्फाकडे ओढल्या जाणाऱ्या पाण्याची एक आकृती अवश्य द्यावी, अशी माझी विनंती आहे.