रामटेकचे फ्रेमचे दुकान आणि ॲनिमेशनपटाचा मूळ सेल

जुन्या ॲनिमेशनपटांचे मूळ सेल (चित्रीकरणासाठी हाताने रंगवलेले पारदर्शक ताव) जमवणाऱ्याला विदर्भात खरेदीपेक्षा जतनाची काळजी अधिक करावी लागते, आणि म्हणूनच रामटेकच्या बाजारातील एका लहानशा फ्रेमच्या दुकानाबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले. देवादिकांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि सेवानिवृत्तीची मानपत्रे मढवून देणे हा या दुकानाचा नेहमीचा व्यवसाय. सेल त्यांच्याकडे पहिल्यांदाच आला होता, तरीही काम मनासारखे झाले.

सेल म्हणजे पातळ पारदर्शक ताव. आकृतीची रेषा त्याच्या पुढच्या बाजूला असते आणि रंग मागच्या बाजूने भरलेला असतो. १९१४ मध्ये अमेरिकी ॲनिमेटर अर्ल हर्ड यांनी या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. तिच्यामुळे मागचे दृश्य कायम ठेवून हलणारे पात्र तेवढे बदलणे शक्य झाले. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ चौकटी लागत असल्याने एका चित्रपटासाठी हजारो सेल रंगवावे लागत, आणि चित्रीकरण संपल्यावर त्यांतले कितीतरी धुऊन पुन्हा वापरले जात किंवा फेकून दिले जात. माझ्याकडचा सेल ‘रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स राम’ या १९९२ च्या भारत-जपान चित्रपटातला आहे. युगो साको यांच्यासोबत त्याच्या दिग्दर्शनात राम मोहन होते, ज्यांची सुरुवात फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपट संस्थेच्या कार्टून विभागात झाली. ज्याच्या धानाच्या बांधावरून रामटेकच्या टेकडीवरचे रामाचे गडमंदिर दिसते, त्याला त्यातला धनुर्धारी राम आपल्या घरी असावा असे वाटणे स्वाभाविकच आहे.

अडचण हवामानाची आहे. माझा सेल ॲसिटेट या प्लास्टिकचा आहे. असा ताव उष्णतेने आणि दमटपणाने कुजतो, त्यातून व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो आणि ते आम्ल कोंडून राहिले की ऱ्हास आणखी वेगाने होतो. आपल्याकडे नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांपलीकडे जातो, बंद खोलीत पाण्याचा कूलर अहोरात्र चालतो, आणि त्यापाठोपाठ पावसाळा येतो. ताव आखडतो, फुगतो; वाळलेला रंग त्याच्याबरोबर हलत नाही, म्हणून तडकतो आणि सुटतो.

दुकानदारांनी प्रथम लॅमिनेशन सुचवले, कारण गिऱ्हाईक बहुधा तेच मागते. तापलेल्या यंत्राखाली हा ताव वाकेल आणि रंग चिकटून जाईल, हे सांगितल्यावर त्यांनी वाद न घालता तो विचार सोडला आणि सेल उलटा करून नीट पाहिला. काच चित्राला टेकू नये म्हणून त्यांनी जाड माउंटचे (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीचे) दोन थर दिले. ताव चारी बाजूंनी चिकटवला नाही. वरच्या कडेला कागदाच्या दोन पट्ट्यांवर तो टांगला, त्यामुळे त्याला आखडायला-पसरायला जागा राहिली. मागच्या रंगाला पेन्सिलीचे मूळ रेखाटन चिकटलेले होते. ते ओढून काढले तर रंगही त्याच्याबरोबर निघतो, म्हणून ते होते तसेच ठेवले. सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे माउंटची खिडकी त्यांनी इतकी मोठी कापली, की कडेची छिद्रे आणि कोपऱ्यातला क्रमांक दिसत राहतात. छिद्रे कॅमेऱ्याखाली सेल जागेवर बसवण्यासाठी असतात आणि क्रमांक त्या हालचालीतले त्याचे स्थान सांगतो. त्या कडा कापून ‘स्वच्छ’ केलेला सेल मी तरी विकत घेणार नाही.

मागे हार्डबोर्डच्या आत आम्लविरहित कागद आहे. तो दुकानात मिळत नाही, मीच नागपूरहून नेला होता. फ्रेमची मागची बाजू टेपने पूर्ण बंद न करता खाली थोडी फट ठेवली, हेही योग्य झाले. सागवानी पट्टी सुरेख आहे, मात्र एका कोपऱ्याचा जोड पुटीने भरलेला जाणवतो. काच साधी आहे, अतिनील किरण अडवणारी नाही. म्हणून फ्रेम उन्हाच्या भिंतीवर लावू नये आणि कूलरच्या झोतासमोर तर मुळीच लावू नये. रामनवमीच्या सुमारास तसबिरींची कामे वाढत असल्याने मला ठरल्यापेक्षा उशिरा फ्रेम मिळाली. मजुरी, पट्टी आणि काच मिळून अठराशे रुपये लागले आणि ते मला रास्त वाटले.

हे दुकान मी ॲसिटेटच्या सेलसाठी निःशंकपणे सुचवेन. १९३०-४० च्या दशकांतला जुना अमेरिकी सेल कोणाच्या हाती आला, तर मात्र तो नायट्रेट या जुन्या प्लास्टिकचा असण्याची शक्यता असते. नायट्रेट झपाट्याने पेट घेते, त्यामुळे असा सेल फ्रेम करून टिनाच्या छपराखालच्या घरात टांगण्याऐवजी आधी जतनाच्या जाणकाराला दाखवावा.