लिंकम टीएचएमएस६०० हॉट स्टेज: द्रवस्फटिकी पॉलियुरेथेनसाठी घ्यावी का?

हॉट स्टेज म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली नमुना हव्या त्या वेगाने तापवणारा आणि थंड करणारा छोटा मंच. घ्यावी, पण आयआरची (अवरक्त वर्णपट घेण्याची) सोय हाताशी असेल तरच. नुसत्या पोलराइझिंग मायक्रोस्कोपखाली या पॉलिमरची निम्मीच हकिगत कळते.

या पदार्थांची खरी परीक्षा थंड करताना होते. २,६-टीडीआय (टोल्यूइन डायआयसोसायनेट), बायफिनॉल आणि सहा मिथिलीनचा लवचिक दुवा असलेले पॉलियुरेथेन मोनोट्रॉपिक आहे. म्हणजे तापवताना स्फटिक वितळून थेट समदिक् (सर्व दिशांना सारखा) द्रव होतो. मेसोफेज, म्हणजे स्फटिक आणि द्रव यांच्यामधली द्रवस्फटिकी अवस्था, दिसते ती उतरत्या तापमानात, स्फटिकीकरण सुरू होण्याआधी. म्हणून मिनिटाला १५० अंश तापवण्याची क्षमता इथे फारशी कामाची नाही, थंड करण्यावरचा ताबा मोलाचा. द्रव नायट्रोजनचा पंप सोबतच घ्यावा. त्याच्याशिवाय संथ उतार जमतो, पण मेसोफेज गोठवण्याइतका वेग मिळत नाही.

नमुना १०–२० मायक्रॉन जाडीचा, दोन पातळ कव्हर स्लिपांमध्ये. जाड काचपट्टी वापरली की नमुन्याचे तापमान पडद्यावरच्या आकड्याच्या मागे राहते. बेंझोइक आम्ल (१२२.४ अंश) वितळवून आधी फरक तपासा. मग समदिक् अवस्थेच्या १० अंश वर मिनिटभर थांबून मिनिटाला २–५ अंशांनी उतरा. मेसोफेज जवळपास अतिशीतनाशिवाय (आपल्या संक्रमण तापमानाच्या फार खाली न जाता) येते, स्फटिक बरेच खाली जाऊन. दोन्ही ओळखायची ही चांगली खूण. सुईने कव्हर स्लिप दाबून प्रवाहीपणा पाहायची जुनी रीत मात्र बंद चेंबरमध्ये चालत नाही. ही उणीव जाणवते.

हायड्रोजन बंधांसाठी आयआरची एफटीआयआर६०० आवृत्ती लागते, कारण साधी काच कार्बोनिलचा (सी=ओ गटाचा) शोषण पट्टाच अडवते. खिडकी कॅल्शियम फ्लोराइडची बरी. पोटॅशियम ब्रोमाइड ओलावा ओढते आणि पाण्याचा पट्टा नेमका एन–एचवर येऊन बसतो. फिल्म डीएमएफ (डायमिथिलफॉर्मामाइड) या विद्रावकातून ओतली असेल तर निर्वातात नीट वाळवा, नाहीतर त्याचे १६७० सेमी⁻¹ च्या (पुढचे पट्ट्यांचे आकडेही याच एककात) आसपासचे कार्बोनिल बंधित युरेथेनचा भास निर्माण करते. मुक्त (हायड्रोजन बंध नसलेले) कार्बोनिल १७३० च्या सुमारास, बंधित १७००–१७१० वर. स्फटिक बनताना बंधितचा पट्टा अरुंद होतो आणि खाली सरकतो, मेसोफेजमध्ये तो रुंदच राहतो. स्फटिकता आणि बंध यांचे नाते इथेच उघड होते.

एन–एचच्या ३४४० (मुक्त) आणि ३३२० (बंधित) पट्ट्यांच्या क्षेत्रफळांचे थेट गुणोत्तर काढू नका. बंधित एन–एचची शोषणक्षमता कितीतरी जास्त असते आणि तापमानाबरोबर बदलते; त्यामुळे बंध तुटण्याचे प्रमाण फुगलेले दिसते. कार्बोनिलवर जास्त भरवसा ठेवावा, तोही शोषणक्षमतेची दुरुस्ती करून.

स्टेज ६०० अंशांपर्यंत जाते, नमुना जात नाही. अॅरोमॅटिक आयसोसायनेटचे युरेथेन २०० अंशांच्या आसपास उलटे फुटू लागते. २२७० जवळ आयसोसायनेटचा उंचवटा दिसला की तो नमुना टाकून द्यावा आणि कोरड्या नायट्रोजनचा प्रवाह चालू ठेवून नवी फिल्म लावावी.