फ्रोझन जेवण आणि जेवणानंतरची साखर

नागपुरात फ्रोझन जेवण मिळवण्यासाठी आता मॉलपर्यंत जावे लागत नाही. धरमपेठ, प्रतापनगर, मनीषनगर या भागांतल्या बऱ्याच दुकानांत आइस्क्रीमच्या फ्रीजरशेजारी दुसरा फ्रीजर आला आहे, आणि मटार-कॉर्नच्या पाकिटांवर पराठे, बिर्याणी, राजमा, पालक पनीर, इडल्या, कटलेट अशी सगळी पंगत रचलेली दिसते. मला टाइप 2 मधुमेह आहे, गोळी मेटफॉर्मिनची आहे, आणि घरी परतायला उशीर झाला की स्वयंपाकाचा कंटाळा येतो. त्यामुळे यांपैकी कोणते पाकीट घरात आणावे आणि कोणते दुकानातच राहू द्यावे, हे चवीपेक्षा साखरेच्या अंगाने तपासून पाहिले. कंपन्यांची नावे येथे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण एकाच कंपनीच्या दोन पदार्थांत जेवढा फरक पडला, तेवढा दोन कंपन्यांच्या एकाच पदार्थात पडला नाही.

तपासण्याची रीत साधी ठेवली. रात्रीच्या जेवणाची वेळ एकच, जेवणानंतर शतपावली नाही, गोड नाही. पहिल्या घासाआधी घरच्या मीटरवर रक्तातली साखर मोजणारी एक पट्टी आणि त्यानंतर एक, दोन व तीन तासांनी एकेक. घरचे मीटर हे प्रयोगशाळेचे यंत्र नव्हे. 100 मिग्रॅ/डेसिलिटरच्या वरच्या आकड्यात पंधरा टक्क्यांपर्यंतची तफावत मानकातच मान्य केलेली आहे, म्हणून 160 आणि 170 यांत मी डावे-उजवे केले नाही. बोट मात्र दर वेळी साबणाने धुवावे लागते. संत्रे सोललेल्या हाताने तपासणी केली, तर सालीवरचा रस पट्टीवर उतरतो आणि नसलेली साखर दिसते. आपल्या गावात हिवाळाभर हा धोका आहेच.

सर्वांत जास्त निराशा पराठ्यांनी केली, आणि त्यातही ‘मल्टीग्रेन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पराठ्यांनी. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, एवढे लक्षात ठेवले की पाकिटाच्या दर्शनी भागावरचे चित्र आपोआप निष्प्रभ होते. ज्या नाचणीच्या नावाने पाकीट विकले जात होते, ती यादीत चौथ्या-पाचव्या स्थानावर, काही टक्क्यांपुरती होती आणि पहिल्या स्थानावर मैदा होता. साध्या मलबार पराठ्याचा आणि या पराठ्याचा परिणाम मला वेगळा काढता आला नाही. शिवाय पराठा तव्यावर टाकला की त्यातलेच तेल सुटून तवा चकचकीत होतो. ते तेल साखर वाढवत नाही, पण साखरेचे चित्र फसवे करते, आणि हा मुद्दा जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे.

स्निग्ध पदार्थ जास्त असले की जठर रिकामे व्हायला वेळ लागतो. त्यामुळे दोन पराठे आणि पनीर माखनी हे जेवण पहिल्या तासाला अगदी शहाण्यासारखे वागले, दुसऱ्या तासालाही आकडा 180 च्या आत राहिला, आणि तिसऱ्या तासाला, जेव्हा तो उतरायला हवा होता तेव्हा, तो सर्वांत वर होता. पॅथॉलॉजीत ‘पीपी’, म्हणजे जेवणानंतरची साखर, साधारणतः दोन तासांनीच घेतात; त्यामुळे केवळ त्या एका आकड्यावर विसंबून राहिलेला माणूस हे जेवण पथ्याचे समजून बसेल. ज्यांना जेवणाआधी झटपट काम करणारे इन्सुलिन घ्यावे लागते, त्यांच्यासाठी हा उशीर अधिक जिकिरीचा आहे, कारण इन्सुलिनचा जोर आधी आणि साखर मागाहून, अशी चुकामूक होऊ शकते. अशा जेवणाचा हिशेब त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलूनच बसवावा.

व्हेज बिर्याणीची लबाडी निराळी आहे आणि ती आकडेमोडीची आहे. माझ्या डब्यावर कर्बोदके 23 ग्रॅम छापलेली होती, पण ती 100 ग्रॅमला. डबा 300 ग्रॅमचा, म्हणजे एकूण 69 ग्रॅम. डबा उघडल्यावर त्यातला एक तृतीयांश भाग खाऊन उरलेला परत ठेवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. बासमतीचा ग्लायसेमिक इंडेक्स (पदार्थ साखर किती वेगाने चढवतो याचा आकडा) इतर पांढऱ्या तांदळांपेक्षा सहसा कमी असतो, पण तो 60 धरला तरी या डब्याचा ग्लायसेमिक लोड (इंडेक्स गुणिले कर्बोदकांचे ग्रॅम, भागिले 100) 41 च्या आसपास जातो, आणि 20 च्या वरचा लोड जास्त समजला जातो. शिजवून गार केलेल्या भातात न पचणारा स्टार्च थोडा वाढतो आणि परत गरम केल्यावरही तो काही प्रमाणात टिकतो, हे खरे आहे. मात्र तेवढ्यावरून फ्रोझन भात मधुमेह्यांना मोकळा झाला, असा जो प्रचार चालतो, त्याला माझ्या मीटरने दुजोरा दिला नाही. अर्धा डबा, सोबत काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि वाटीभर दही, तेही कोशिंबीर आधी संपवून मग बिर्याणी, या क्रमाने जेवल्यावर चढ बराच बोथट झाला.

इडल्या आणि कटलेट यांवर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. इडली हलकी असते, पण ती पोटाला; साखर ती भरभर चढवते. कटलेटमध्ये बटाटा आणि वरून ब्रेडचा चुरा, त्यामुळे भाजीचे नाव असले तरी हिशेब बटाट्याचाच करावा.

राजमा आणि पालक पनीर या दोन पाकिटांसाठी मात्र मी फ्रीजरमध्ये कायमची जागा केली आहे. राजमा मुळातच सावकाश पचतो, त्यात तंतू आणि प्रथिने दोन्ही आहेत. भाताविना घेतलेल्या राजम्याने तिन्ही तासांत रेषा जवळजवळ सपाट ठेवली. राजमा-चावलचा एकत्र डबा घेऊ नये, कारण त्यात भाताचा वाटा राजम्यापेक्षा मोठा असतो. पालक पनीरमध्ये कर्बोदके नगण्य. फक्त काजूची पेस्ट, मलई आणि साखर यादीत कितव्या स्थानावर आहेत ते पाहून घ्यावे. दोन्हींसोबत मी ज्वारीची एक भाकर घेतो. ज्वारीतही पिष्ट भरपूर असते, तेव्हा ‘भाकर आहे, चालते’ म्हणून दुसरी, तिसरी घेतली तर पाकिटाची निवड वाया जाते. मिठाचे प्रमाण दोन्ही पाकिटांत सढळ होते. रक्तदाबही असेल तर सोडियमची ओळ आधी वाचावी.

नागपूरकरांनी आणखी एक गोष्ट पाहावी. हा माल उणे 18 अंशांवर राहायला हवा, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. शहरातल्या एका दुकानातून घेतलेल्या मटारच्या पाकिटात दाणे सुटे नसून एकच ढेकूळ निघाले, आतल्या बाजूला बर्फाचे खडे होते. म्हणजे माल एकदा वितळून पुन्हा गोठलेला. दुकानदाराने ‘असंच येते जी’ म्हणून हात झटकले. पाकीट हातात घेऊन हलवावे, दाणे खुळखुळले तरच घ्यावे, खरेदीच्या शेवटी घ्यावे आणि उन्हाळ्यात थर्मोकोलचा डबा सोबत न्यावा.

किमतीच्या दृष्टीने घरी भिजवलेला राजमा अर्थातच स्वस्त पडतो, आणि रविवारी जास्तीचा शिजवून लहान डब्यांत गोठवला तर साखरेवर त्याचा परिणाम पाकिटासारखाच राहतो, मीठही आपल्या हातात असते. पालक पनीरच्या बाबतीत मात्र पालक निवडण्या-धुण्याची मेहनत लक्षात घेता पाकिटाचे पैसे मला जड वाटत नाहीत.