व्हँ झोन: नुसती पिऊ नका, जेवणासोबत घ्या

गेल्या हिवाळ्यापासून ल्योंच्या आमच्या घरात व्हँ झोन या वाइनची, आर्ब्वा गावची, एक बाटली कायम उघडी असते. इतक्या महिन्यांनंतर माझं मत पक्कं झालंय. ही वाइन गप्पांसोबत प्यायची नाही, जेवायला बसताना घ्यायची. आणि जेवणही तिला साजेसं हवं.

फ्रान्सच्या पूर्वेला, बर्गंडी आणि स्वित्झर्लंडच्या मधे ज्युराचा डोंगराळ पट्टा आहे. तिथल्या साव्हान्यँ द्राक्षांपासूनच ती होते. ओकच्या पिंपातली वाइन हळूहळू उडून जाते, पण इथे पिंप पुन्हा भरून काढत नाहीत. मग वर यीस्टचा पातळ पापुद्रा धरतो आणि त्याखाली वाइन सहा वर्षांहून जास्त मुरते. लिटरमागे साधारण ६२ सेंटीलिटर उरते म्हणतात, म्हणून क्लाव्हलँ नावाची तिची बुटकी बाटलीही तेवढ्याच मापाची.

चव कोरडी, गोडव्याचा मागमूस नाही. आधी अक्रोड, मग सुकलेलं सफरचंद, आणि गिळल्यावर बराच वेळ मेथी. हा भास नव्हे. मेथीदाण्याला त्याचा वास देणारं सोटोलॉन हेच द्रव्य ही वाइन मुरताना तिच्यात तयार होतं. फ्रेंच पाहुणे ‘करीचा वास’ म्हणतात. आपल्याला मात्र थेट मेथी ओळखू येते.

आता जेवण. सगळ्यात सरस जोडी त्याच भागातल्या काँते चीजची, पण ते जुनं हवं, निदान दीड वर्ष मुरलेलं. कोवळं काँते या वाइनपुढे फिकं पडतं. सोबत अक्रोड आणि जाड सालीचा पाव. रात्रीचं जेवण म्हणून मला एवढं पुरतं.

दुसरी जोडी म्हणजे गुच्छी (एक प्रकारची रानटी अळंबी) आणि क्रीममधली कोंबडी. वाळलेली गुच्छी कोमट पाण्यात भिजवायची, ते पाणी गाळून रश्शात घालायचं. रस्सा साव्हान्यँच्याच साध्या वाइनवर शिजवा आणि व्हँ झोन शेवटी, आच बंद करायच्या जरा आधी घाला. महागाची वाइन तासभर उकळली तर तिचा वास उडून जातो. जीव तुटतो अशाने.

घरच्या जेवणात काजूच्या वाटणातलं, कसुरी मेथी घातलेलं चिकन तिच्याबरोबर अप्रतिम लागलं. मेथीला मेथी भेटते आणि दोन्ही उजळतात. हिरव्या मिरचीचा ठेचा किंवा चिंचेचं आंबट कालवण मात्र नको. तिखटापुढे वाइन कडवट होते, चिंचेपुढे तिचा स्वतःचा आंबटपणा बोचतो.

फ्रिजमधून काढून लगेच ओतू नका. १४ ते १६ अंशांवर आणि काही तास आधी बूच काढून ठेवलेली असेल तर ती खरी खुलते. उरलेली बूच लावून ठेवली तर कित्येक आठवडे टिकते. त्यामुळे ४० युरोंच्या आसपासची किंमतही मला खटकत नाही. एक बाटली अनेक जेवणांना पुरते.

पहिल्यांदा घेणार असाल तर आर्ब्वाची घ्या. शातो-शालाँ गावाची त्याहून मानाची आणि महाग. पीक मनासारखं नसेल तर तिथले वाइन करणारे लोक त्या वर्षी आपल्या गावाचं नावच बाटलीवर घालत नाहीत. १९७४, १९८०, १९८४ आणि २००१ मध्ये असंच झालं. ती बाटली जिभेला या चवीची सवय झाल्यावर उघडा, आणि सोबत जुनं काँतेच ठेवा.