कायम निधी की थेट देणगी?
विद्यापीठातल्या वैद्यकीय संशोधनासाठी दिलेला पैसा कायम निधीत ठेवावा की लगेच खर्चू द्यावा? कायम निधीत मुद्दल शाबूत राहते आणि दरवर्षी साधारण ४ ते ५ टक्के रक्कम वापरता येते. अध्यासन (देणगीतून चालणारे प्राध्यापकपद) किंवा शिष्यवृत्तीसाठी हे उत्तमच.

पण नव्या कल्पनेला पहिल्याच वर्षी उपकरणे, माणसे, प्राथमिक चाचण्या लागतात, आणि हाती पुरावा नसताना मोठे अनुदान मिळणे अवघड असते. तिथे थेट देणगीच कामी येते. पिट्सबर्ग विद्यापीठात जोनास साल्क यांच्या पोलिओ लशीमागे असंख्य सामान्य लोकांच्या छोट्या देणग्या होत्या. १९५५ मध्ये ती लस सुरक्षित आणि परिणामकारक ठरली. रक्कम मर्यादित असेल, तर मी थेट देणगीच निवडेन. फक्त ती एकाच उपकरणाला बांधून देऊ नये, कारण संशोधनाची दिशा बदलत असते.