याशिका-डी : मीटर नसलेला कॅमेरा आणि कापसाचे शेत

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी गेली दोन वर्षे मी जुना याशिका-डी वापरत आहे. दोन भिंगांच्या या जपानी कॅमेऱ्यात लाइटमीटर, म्हणजे प्रकाश मोजणारे साधन, नाही, आणि त्या एका कारणासाठी तो टाळू नये असे माझे मत आहे.

उन्हातला हिशोब सोपा आहे : ॲपर्चर (भिंगाचे छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे) एफ/१६ आणि शटर (प्रकाश आत येण्याची वेळ) सेकंदाच्या अपूर्णांकात, फिल्मच्या आयएसओच्या, म्हणजे प्रकाश-संवेदनशीलतेच्या, आकड्याजवळचे. मी इल्फर्डची एचपी५ प्लस ही ४०० आयएसओची फिल्म घालतो, त्यामुळे शटर १/५०० सेकंदावर राहते. या कॅमेऱ्याचा कमाल वेगही तोच आहे. पुढचे सारे सावली पाहून ठरते. तिची कड रेखीव असेल तर एफ/१६, कड विरघळू लागली की एफ/११, सावली जेमतेम जाणवत असेल तर एफ/८, आणि पोळ्याच्या सुमारास आभाळ भरून येऊन सावलीच नाहीशी झाली की एफ/५.६. दोन भिंगांच्या मधल्या चकत्या फिरवल्या की दोन्ही आकडे वरच्या इवल्याशा खिडकीत दिसतात, त्यामुळे कॅमेरा पोटाशी धरूनच बदल करता येतो.

खरा कस लागतो तो कापूस वेचणीच्या दिवसांत. वस्तूवरून परतणारा प्रकाश मोजणारे मीटर फुटलेल्या बोंडांनी भरलेल्या शेतात फसते आणि पांढरा कापूस करडा उमटतो. सावलीवरचा अंदाज मात्र शेतावर पडणाऱ्या उन्हाचा असतो, म्हणून कापूस पांढराच येतो आणि बोंडातले तंतूही सुटे दिसतात. पहिल्या हंगामात मात्र एफ/१६ वर घेतलेल्या फोटोत डोक्यावरून पदर ओढलेल्या काकूंचा चेहरा काळाठिक्कर आला, कारण ऊन ओटीतल्या कापसावर होते, चेहऱ्यावर नव्हते. आता चेहरा महत्त्वाचा असेल तेव्हा मी ॲपर्चर दोन स्टॉप, म्हणजे दोन पायऱ्या, उघडून एफ/८ ठेवतो. थोडा जास्त प्रकाश निगेटिव्ह फिल्म सहज सोसते, स्लाइड फिल्म (जिच्यावर थेट पाहण्याजोगे चित्र उमटते) सोसत नाही.

एका रोलमध्ये १२च फोटो मिळतात आणि प्रत्येक वेळी शटर हाताने चढवावे (ताणून तयार करावे) लागते, हे मला जाचत नाही. जुना नग घेताना मात्र शटरचे सर्व वेग तपासून घ्यावेत, कारण ते अडकत असेल तर अचूक अंदाजाचाही उपयोग नाही. घरात किंवा लग्नाच्या मांडवात सावलीचा हा हिशोब लागू पडत नाही, तेथे मी हा कॅमेरा नेत नाही.